चौथा अंक का निघत नाही?

शाळेच्या विज्ञान-भित्तिपत्रकाचा पहिला अंक देखणा निघतो. दुसऱ्यात एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र आणि 'हे तुम्हाला माहीत आहे का?' येते. चौथा बहुधा निघतच नाही. मुलांना वेळ नसतो, शिक्षकांवर कामाचा बोजा असतो, ही कारणे खरी आहेत. पण आमच्या मते दुखणे मजकुरातच आहे. लिंबाच्या रसाने लिहायचे, कागद तापवायचा, अक्षरे उमटली की प्रयोग संपला. वाचणाऱ्याने उलट काही कळवावे अशी जागाच त्यात ठेवलेली नसते.

छंद म्हणून विज्ञान करणाऱ्यांसाठीचे एक सदर मात्र सत्तरहून अधिक वर्षे टिकले. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात आल्बर्ट इंगल्स यांनी ते १९२८ मध्ये सुरू केले. (आपल्याकडे पुण्यात 'सृष्टिज्ञान' सुरू झाले तेही याच वर्षी.) विषय होता घरी दुर्बीण बनवण्याचा. वाचक काच घासून सुमारे १५ सेंटीमीटर व्यासाचा आरसा तयार करीत. खुबी अशी, की आरसा जमला की नाही हे संपादकाला विचारावे लागत नसे. फूको यांच्या चाचणीला एक दिवा आणि ब्लेडची धार पुरते. आरशावरचा मायक्रोमीटरच्या दशांशाएवढा उंचवटाही छायेच्या रूपाने डोळ्यांना दिसतो. दोष दिसला की वाचक पत्र लिही, दुसरा कोणी उपाय सुचवी, आणि सदराला पुढच्या महिन्याचा मजकूर मिळे.

१९५२ मध्ये सदराचे नाव 'द अमॅच्युअर सायंटिस्ट' झाले. पुढे सी. एल. स्टाँग यांच्या काळात त्यात घरगुती कणत्वरक, घरगुती लेसर असले प्रकल्पही आले. वाचायला थरारक, पण करून पाहणारे थोडेच असणार. शिवाय उच्च विद्युतदाबाशी खेळ शाळेत नकोच. १९७८ पासून जर्ल वॉकर लिहू लागले. त्यांचे विवेचन फार सरस, शिक्षकांनी जरूर वाचावे असे. तरीही आमची पसंती इंगल्स यांनाच. वॉकर यांच्या लेखात बहुतेक सगळे वॉकरच करून टाकतात. सदर २००१ मध्ये बंद झाले.

आरसा घासण्याचे सामान पालघर तालुक्यातल्या शाळेने कुठून आणायचे, असे कोणी विचारील. न आणले तरी चालेल. सफाळ्याजवळच्या माकुणसारला खाडी आहे, आणि कोकण किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भित्तिपत्रकात हा नियम 'पूर्वजांचे ज्ञान' म्हणून रंगीत चौकटीत टाकला की तो तिथेच संपला. त्याऐवजी पंधराव्या तिथीपर्यंत गुणाकार करून पाहावा. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पाऊण! एका दिवसात दीड तासाची उडी. भरती तर रोज सरासरी ५० मिनिटेच पुढे सरकते. पाऊणऐवजी चार पंचमांश घेतले, तर पंधरा तिथींत बरोबर बारा तास भरतात. मग पाऊणपट का टिकली? तोंडी हिशेबाला सोपी म्हणून? की उधाणाच्या दिवसांत रोजचा फरक सरासरीहून कमी आणि भांगाच्या दिवसांत जास्त असतो, म्हणून ती अर्धा पक्ष तरी ठीक चालते?

हे फलकावर छापून सुटणार नाही. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, खाडीच्या पक्क्या काठालगत खुणा केलेली काठी रोवायची आणि दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी टिपायची. फलकावर तिथी, नियमाची वेळ आणि पाहिलेली वेळ असे तीन रकाने, पहिले दोन भरलेले. खाडीत जसजसे आत जावे तसतसे पाणी उशिरा चढते; तेव्हा केळव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलाचे आकडे माकुणसारच्या मुलीच्या आकड्यांशी जुळणार नाहीत, आणि दोघेही आपापली वही घेऊन फलकापाशी येतील.