घर चालवणारीचं पुस्तक

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांमध्ये बायकांची ओळख बहुधा ठरलेली असते. प्रेमळ माता, कुटुंबवत्सल गृहिणी, देवळाच्या नाहीतर चर्चच्या कामात सदैव पुढे. लक्ष्मीबाई टिळकांबद्दल हे सगळं लिहिता येईल आणि त्यातलं काहीच खोटं ठरणार नाही. मात्र त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात असली विशेषणं शोधून सापडत नाहीत. सापडतो तो हातात न टिकणारा पगार, कुणाच्या तरी लहरीसरशी हलणारी बिऱ्हाडं, अचानक येऊन ठेपलेले पाहुणे, रुसवे आणि तडकाफडकी भांडणं. निष्ठा या पुस्तकात उदंड आहे, पण ती कुरकुर करत वावरते. कुरकुर न करणारी निष्ठा मला तरी संशयास्पद वाटते, म्हणूनच कदाचित हे पुस्तक इतकं खरं वाटत असेल.

मुळात बाईंना स्वतःबद्दल लिहायचंच नव्हतं. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली गेले. त्यांचं चरित्र लिहायला घेतलेल्या मुलाने, देवदत्तांनी, आईकडे आठवणी मागितल्या. मागणी नवऱ्याच्या आठवणींची होती. शाळेची पायरी न चढलेल्या, लिहायवाचायला लग्नानंतर नवऱ्याकडून शिकलेल्या, पासष्टीच्या आसपासच्या बाईने त्या लिहिल्या आणि 1934 पासून त्यांचे चार भाग निघाले. फेब्रुवारी 1936 मध्ये लक्ष्मीबाईही गेल्या. आता पुस्तक उघडून पाहावं तर टिळक पानोपानी आहेत, पण ते दिसतात घरातून. सभेत टिळक काय बोलले यापेक्षा सभेहून ते किती वाजता आले, येताना कुणाला घेऊन आले आणि खिशात काय उरलं होतं, याची नोंद पक्की. चरित्रकाराच्या नजरेतून निसटलं असतं ते सगळं इथे टिकलंय.

सुरुवातीचं बालपण पाहा. 1868 साली जन्मलेल्या या मुलीचं माहेरचं नाव मनकर्णिका, आडनाव गोखले, घर नाशिकजवळच्या जलालपूरचं. वडिलांना सोवळ्याचं वेड. विटाळाच्या भीतीने घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची, अगदी मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर काय उरत असेल, हे वाचकाने आपलं आपण पाहावं. बाई त्यावर टिप्पणी करत बसत नाहीत. त्या फक्त सांगत जातात, आणि आपण हसत जातो. पण याच घरावर 1857 ची सावली आहे. बंडाच्या त्या धामधुमीत मनकर्णिकेच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती आणि जावयाचं हे वेड तिथून सुरू झालं होतं. या दोन गोष्टी बाई शेजारी शेजारी ठेवतात. मग ते धुणं निव्वळ धर्माचं राहत नाही. फाशी पाहिलेल्या घराचं भय त्या माणसाच्या हातातून पाण्यावाटे वाहतंय, असं वाटू लागतं. हा अर्थ बाईंनी लिहिलेला नाही. मी काढला आहे. पण तो काढायला जागा त्यांनी ठेवली आहे. वडिलांना त्या दोष देत नाहीत, त्यांची थट्टाही करत नाहीत, आणि त्या हट्टापायी घरच्या बायकांचे झालेले हाल मात्र एकही लपवत नाहीत.

अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, बुद्धिमान, दानशूर, तापट, आणि मनात येईल तेव्हा न सांगता घर सोडून जाणारा. एवढे गुण एका माणसात असले की बायकोला निवांत बसायला वेळ मिळणार नाही हे उघड आहे. टिळकांचं औदार्य जगाने वाखाणलं. त्या औदार्याचा हिशेब बायकोने ठेवला. या हिशेबातूनच पुस्तकातला विनोद येतो. टिळकांनी काहीतरी भव्य ठरवायचं आणि पुढच्याच ओळीत डबे रिकामे असल्याचं कळायचं. दोन वाक्यं शेजारी टाकून त्या पुढे निघतात. भांडणांत स्वतःच्या जिभेलाही त्या पाठीशी घालत नाहीत. टिळक चिडले तसं आपणही चांगलं सुनावलं, हे लिहून टाकतात. सोसणाऱ्या बाईची प्रतिमा मराठी घरांनी किती जपली! लक्ष्मीबाई सोसतात, पण मुकाट्याने नाही.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या ठिकाणी पुस्तकाचा श्वास बदलतो. नवरा जिवंत, पण परधर्मात. पदरात चार वर्षांचा मुलगा. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशा बाईला बसवायचं कुठे, हा प्रश्न सगळ्या नातेवाइकांना पडला. ती सवाष्ण होती, पण संसार नव्हता. टाकलेली म्हणावी तर नवरा पत्रं पाठवत होता. पंढरपूरला बहिणीकडे गेलेल्या त्या दिवसांबद्दल लिहिताना बाई आपला भ्रमिष्टपणाही झाकत नाहीत. कविता त्यांना सुचू लागली ती याच दुःखात. पुस्तकातला सर्वांत अवघड भाग मला हाच वाटतो, कारण इथे खलनायक उभा करणं फार सोपं होतं. धर्म सोडून गेलेला नवरा होता, तिला जपण्याच्या नावाखाली डांबून ठेवणारे आप्त होते, फूस लावणारे मिशनरी होते. ज्याला जो हवा तो त्याने निवडावा. बाईंनी एकही निवडला नाही. आप्तांच्या धाकाचं वर्णन करता करता त्याच माणसांनी आपल्याला कसं जपलं हेही त्या सांगतात. टिळकांवरचा राग आणि टिळकांची ओढ एकाच परिच्छेदात नांदते. ओढ मोठी की राग, हे ठरवण्याच्या भानगडीत त्या पडत नाहीत.

पुढे त्या नवऱ्याकडे नगरला गेल्या, त्या धर्म पटला म्हणून नव्हे. नवरा-बायकोने, बाप-लेकाने वेगळं राहू नये म्हणून गेल्या. बाईंचं सोवळं-ओवळं चालू, स्वयंपाकपाणी स्वतंत्र. एका धर्माचा नवरा, दुसऱ्या धर्माची बायको, आणि मधे पाण्याचा हंडा. या व्यवस्थेतल्या कटकटी त्या इतक्या बारकाईने सांगतात की धर्मांतर ही मतांची उलथापालथ असते हे आपण विसरूनच जातो. त्यांच्यापुढचे प्रश्न साधे होते. पाणी कुणी भरायचं? कुणाच्या हातचं खायचं?

मग ती रात्र येते. झोप लागत नाही, आणि बाई जातीचा प्रश्न स्वतःशी मांडतात. या विचारात ग्रंथाचा आधार नाही, कुणा पाद्र्याचं प्रवचन नाही, टिळकांचं पांडित्य तर नाहीच. झाडांच्या, पशुपक्ष्यांच्या जाती वेगवेगळ्या दिसतात. देवाला माणसांच्या जाती करायच्या असत्या तर त्याही अशाच नजरेला दिसल्या असत्या. दिसतात फक्त बाई आणि पुरुष. तेव्हा बाकीचा पसारा माणसाने मांडलेला आहे. रोजच्या व्यवहारात जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्यावर भिस्त ठेवून केलेला हा विचार आहे. आणि तो पटल्यावर बाई थांबत नाहीत. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, हा निर्णय तिथल्या तिथे होतो. मीठ धुणाऱ्या बापाची ही मुलगी! पण पुस्तकात बाई तो धागा जोडून दाखवत नाहीत. आजचा एखादा लेखक या जागी थांबून आपल्याला कोपराने डिवचल्याशिवाय राहिला नसता. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण पुस्तक मिटल्यावर लक्षात राहते ती ही रात्र. विधीच्या आधीच धर्मांतर होऊन गेलेलं असतं, आणि तेही स्वयंपाकघराच्या वाटेने.

यानंतरच्या चर्चच्या कामाकडेही याच नजरेने पाहायला हवं. अमेरिकन मराठी मिशनच्या नगरच्या परिसरात टिळक शिकवत होते, लिहीत होते. भजन आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं, आणि मराठी चर्चमध्ये त्यांची पदं आजही म्हटली जातात. ही थोरवी पुस्तकात ओझरती येते. सविस्तर येतात ती घरी आणलेली पोरकी मुलं, त्यांची दुखणी, त्यांचे कपडे. प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या सेवेला उभं राहणंही बाई अशाच सांगतात, घरातल्या आजाऱ्याचं केल्यासारखं. सेवा हा शब्द फारसा न वापरता सेवेबद्दल लिहिता येतं, याचं दुसरं इतकं चांगलं उदाहरण मराठीत मला आठवत नाही. पुढे त्या स्वतः कीर्तनं करू लागल्या. टिळकांनी सुरू करून अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनीच पुढे लिहीत नेलं. चर्चच्या इतिहासात ही मोठी कामगिरी आहे. बाईंच्या लेखी ते राहिलेलं काम होतं.

बालकवींची पानं तर या नजरेची कसोटीच. बालकवी म्हणजे कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे. ते नगरला टिळकांच्या घरी राहिले. मराठी वाचकाला बालकवी म्हटल्यावर हिरवळ आणि चांदणं आठवतं. बाईंना आठवतो तो घरातला पोर, लाडावलेला, रुसणारा, रागाच्या भरात निघून जाणारा आणि परत येणारा. त्याच्या कवितेचं मूल्यमापन त्या करत नाहीत. 1918 साली भादलीला रेल्वेखाली त्याचा अंत झाला, हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून त्या रुसव्याफुगव्यांच्या गोष्टी वाचताना हसूही येतं आणि पोटात कालवतंही. आईपणाबद्दल पुस्तकात उपदेश असा कुठे नाही. पण पोटच्या देवदत्तापासून या ठोमऱ्यापर्यंत, घरात आलेला प्रत्येक जण जेवला की नाही हे लेखिकेला ठाऊक असतं.

दोष नाहीत असं नाही. टिळकांच्या मृत्यूनंतर पुस्तक सैल पडतं. घरात टिळक नाहीत म्हटल्यावर भांडायलाच कुणी उरत नाही. मुलाबरोबर कराचीला गेलेल्या बाईंचे अनुभव गमतीचे आहेत, पण ते सुटे सुटे उरतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ज्या समाजात बाई नव्याने आल्या त्यात पूर्वाश्रमीच्या महार-मांग कुटुंबांचा भरणा मोठा होता. ही माणसं पुस्तकात आहेत, पण पुष्कळदा बाईंच्या बदलाचे साक्षीदार म्हणून. ब्राह्मण बाईने आपल्या हातचं पाणी घेतलं तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, हे बाईंनी विचारल्याचं दिसत नाही. ज्या प्रामाणिकपणाने त्यांनी बाकी सगळं लिहिलं तो पाहता हे विचारलं असतं तर त्यांनी लपवलं नसतं, असंही वाटतं.

पाठ्यपुस्तकांतून ‘स्मृतिचित्रे’ भेटतं ते उताऱ्यांमधून, आणि उतारे बहुधा टिळकांच्या विक्षिप्तपणाचे, हमखास हशा देणारे. त्यामुळे हे गमतीदार आठवणींचं पुस्तक आहे असा समज पक्का होतो आणि पुढे कुणी मूळ पुस्तकाकडे वळत नाही. तशा वाचकाने हवं तर पहिली प्रकरणं बाजूला ठेवावीत, थेट 1895 नंतरच्या पंढरपूरच्या दिवसांपासून सुरुवात करावी आणि मग मागे यावं. शाळेत वाचलेले ते हशे तेव्हा पुन्हा भेटतील, आणि त्यांची किंमत कुणी मोजली हेही दिसेल.