वस्त्रहरण कोणाचं?

दोस्तहो, कोण हसतो आणि कोणाला हसतो, एवढं बघितलं तरी विनोदी नाटक-सिनेमा अर्धा कळतो.

गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली रंगमंचावर आलं. त्याआधी मराठी नाटकात मालवणी बोलणारा म्हणजे बहुधा घरगडी. त्यानं दिवाणखान्यात फडका मारायचा, काहीतरी चुकीचं बोलायचं आणि पांढरपेशांनी हसायचं. गवाणकरांनी अख्खं नाटक मालवणीत उभं केलं. गावातली माणसं द्रौपदी-वस्त्रहरणाचा खेळ लावतात आणि त्याचा पार बट्ट्याबोळ होतो. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच मध्येच नाक खुपसतो. पुराणातले राजे आमच्या बोलीत भांडायला लागले की राजे उरत नाहीत. ही गोष्ट लहान नाही.

फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेर याचा १९३१ सालचा 'आ नू ला लिबर्ते' हा विनोदी सिनेमा बघा. तुरुंगात कैदी रांगेत बसून खेळण्यातले घोडे जुळवतात. कारखान्यात कामगार तसेच रांगेत बसून ग्रामोफोन जुळवतात. मी सूतगिरणीत रातपाळी करतो, मला हे कोणी समजावून द्यावं लागलं नाही. शेवटी वाऱ्यानं नोटा उडतात आणि उंच टोपीवाले साहेब त्यांच्यामागं धावत सुटतात. हेही वस्त्रहरणच, पण थैलीवाल्यांचं. मग कारखानदार बनलेला जुना कैदी आणि त्याचा दोस्त सगळं सोडून रस्त्याला लागतात. मोकळे होतात.

इथं माझं अडतं. आपल्यातला माणूस असा रस्त्याला लागला तर पुढच्या गावात त्याला आडनाव विचारतात. कारखाना सुटतो, जात सुटत नाही. क्लेरच्या सिनेमात हा सवाल नाही. आमच्या मालवणी मुलखात तो पावलोपावली आहे. माझा आजा जत्रेतला दशावतार देवळाच्या गडग्याभायर उभा राहून बघायचा. 'वस्त्रहरण' बघताना मी पोट धरून हसलो. मग शोधत बसलो, या गावात गडग्याभायरून खेळ बघणारा कुठाय? मला तो दिसला नाही. राजांचं वस्त्र गेलं, सरपंचाचंही गेलं. 'गाव एकच आहे' हे वस्त्र तेवढं अंगावर राहिलं.

ते फेडायचं काम आपलं आहे. आपण रडगाणी पुष्कळ लिहिली, ती खरीच होती. आता गडग्याभायरच्या माणसाला हसू द्या, त्याच्याच मालवणीत.

लिवा रे. जय भीम.