दोरी आणि तराजू

मॅट्रिकच्या पुढे मी शिकलो नाही. त्यामुळे शब्दकोश हेच माझे कॉलेज. वीस वर्षे मी मुलांकडून निबंध लिहून घेत आलो. पण निबंधाला इंग्रजीत 'एसे' का म्हणतात, हे पाहायची बुद्धी मला यंदा झाली!

हा शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून घेतला. तिथे त्याचा अर्थ प्रयत्न, चाचणी. त्याच्याही मागे उत्तरकालीन लॅटिनमधला 'एक्झाजियम' उभा आहे, म्हणजे वजन करणे, तोलणे. सोन्याचा कस पाहण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो याचाच सख्खा भाऊ. फ्रान्समधल्या माँतेनने १५८० मध्ये आपल्या लेखसंग्रहाला हे नाव दिले. तराजू हे त्याचे चिन्ह आणि 'मला काय ठाऊक?' हा त्याचा प्रश्न. लिहिता लिहिता तो स्वतःलाच पारड्यात घालतो.

आपल्या 'निबंधा'त मात्र 'बंध' आहे, बांधणे आहे. धर्मशास्त्राचे निर्णय एकत्र बांधणाऱ्या ग्रंथांना आपण निबंध म्हणत आलो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची १८७४ मध्ये सुरू झालेली 'निबंधमाला' वाचताना ही दोरी जाणवते. भाषा कशी तळपती! पण निकाल आधी ठरलेला असतो. शास्त्रीबुवा तोलत नाहीत, वकिली करतात. परक्या सत्तेपुढे खचलेल्या समाजाला तेव्हा वकीलच हवा होता, हेही खरे. उलट दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' घ्या. एकेक महिना त्या हातात धरून पाहतात, आणि आपणही त्यांच्याबरोबर पाहू लागतो. माझ्या मते मराठीत तराजू आला तो अशा लेखनातून.

हे सारे लिहिताना एक वही डोळ्यांपुढे येते. 'माझी आई' या विषयावर एका मुलाने लिहिले होते, की आई रागावते तेव्हा ती मला आवडते की नाही, हे मला ठरवता येत नाही. मी तांबड्या शाईने 'विषय सोडला' असा शेरा मारला आणि दहापैकी तीन गुण दिले. बाकी साऱ्या वर्गाची आई 'वात्सल्यसिंधु' होती; त्यांना सात-सात मिळाले.

त्या दिवशी तोलून पाहणारा वर्गात तो एकटाच होता. दिवाळीची सुट्टी संपली की फळ्यावर विषय लिहीन. खालचे मुद्दे मात्र या खेपेला देणार नाही.