‘ब्लेम कॅनडा’ : उपरोध आणि ‘बाहेरचे’

ट्रे पार्कर दिग्दर्शित ‘साऊथ पार्क : बिगर, लाँगर अँड अनकट’ (1999) या संगीतमय व्यंगचित्रपटातील ‘ब्लेम कॅनडा’ हे गीत सामान्यतः सेन्सॉरशाहीची टवाळी म्हणून वाचले जाते. हे वाचन चुकीचे नाही, अपुरे आहे. मुले एक कॅनेडियन चित्रपट पाहून शिव्या शिकतात. त्यांच्या आया शासन, समाज, दूरचित्रवाणी असे एकेक आरोपी चाचपून पाहतात आणि अखेर शेजारच्या राष्ट्रावर येऊन थांबतात. ठेका कूचगीताचा, आवाज समूहाचा. उपरोधाचे लक्ष्य अर्थातच कॅनडा नसून गाणारा समूह आहे. परंतु उक्ती आणि अभिप्राय यांतील हे अंतर, ज्यावर सारा उपरोध उभा असतो, ते शेवटी गाणाऱ्याच मिटवून टाकतात : कुणी आपल्याला जबाबदार धरण्याआधी आपण घाई केली पाहिजे, असे त्या उघडपणे गातात.

मराठी वाचकाला येथे भारूड आठवावे. एकनाथांच्या भारुडातही सोंग घेतलेला ‘मी’ बोलतो आणि शेवटी जनार्दनाच्या नाममुद्रेपाशी त्या सोंगाचा अर्थ पालटतो. ‘ब्लेम कॅनडा’त पालट आहे, उन्नयन नाही. आयांना सत्य कळते आणि त्या पुढे युद्धाच्या तयारीला लागतात. आत्मज्ञान असूनही पश्चात्ताप नाही, ही या गीतातील खरी बोचरी जागा. (2000 सालच्या ऑस्कर सोहळ्यात रॉबिन विल्यम्सने ते गायिले, तेव्हा आक्षेपार्ह शब्दाच्या जागी समूहगायकांचा दचकल्याचा आवाज ऐकू आला. सेन्सॉरशाहीवरील गीतालाच मिळालेला हा प्रसाद.)

तथापि गीताची मर्यादाही कॅनडाच आहे. हा शेजारी इतका निरुपद्रवी की आरोप ऐकताक्षणीच हास्यास्पद ठरतो आणि श्रोता सुरक्षित राहतो. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात हे गीत वाचले, तर ही सुरक्षितता उरत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन बालिकांवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि 20 तारखेला संतप्त जमाव लोहमार्गावर उतरला. गुन्हा नोंदविण्यास झालेला विलंब हा संतापाचा एक मुख्य विषय होता. दुसऱ्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी आंदोलक बहुतांशी बाहेरून आलेले असल्याचे म्हटले. चित्रपटात पालक बाहेरच्यांकडे बोट दाखवितात. येथे मुलांसाठी रस्त्यावर आलेले लोकच ‘बाहेरचे’ ठरले. पात्रे बदलली, रचना तीच : मुलांविषयीचा प्रश्न वाक्यातून नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ कोण कुठला, हा तपास.

हा तपास या भूमीत तर फारच अवघड. उल्हासनगर हे 1949 साली सिंधी निर्वासितांच्या छावणीतून आकाराला आले. अंबरनाथ-बदलापूरची वाढ पुष्कळशी मुंबईत घर न परवडणाऱ्यांमुळे झाली. उल्हासनगरी मालावरील ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा जुना विनोद परकेपणाचा शिक्का स्वतःच्याच हाताने मारून घेतो. त्याला कॅनडाची गरज पडत नाही. पार्करच्या आयांनी निदान शेवटी आपली घाई कबूल केली होती. बदलापूरविषयीच्या त्या निवेदनात ती शेवटची ओळ नव्हती.