'हिज गर्ल फ्रायडे' : वेगाचे सामर्थ्य आणि मर्यादा
'द फ्रंट पेज' (१९२८) या नाटकातील हिल्डी जॉन्सन हा पुरुष वार्ताहर. हॉवर्ड हॉक्स यांनी 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) या चित्रपटात त्याला स्त्री केले, संपादक वॉल्टरची घटस्फोटित पत्नी. या बदलामुळे बातमीसाठीचे डावपेच प्रणयाचेही डावपेच ठरतात. परस्परांचे बोलणे तोडत धावणाऱ्या संवादांतून हिल्डी वॉल्टरच्या तोडीची आहे हे सिद्ध होते. रोझालिंड रसेल यांनी ही बरोबरी कोठेही ढळू दिलेली नाही. शेवटी मात्र वॉल्टर पुढे निघतो आणि बॅग हिल्डीच उचलते! याहून गंभीर दोष मॉली मॅलॉयच्या प्रसंगात आहे. फाशीच्या कैद्याला वाचवण्यासाठी ती वार्ताहर-कक्षाच्या खिडकीतून उडी घेते. वार्ताहर तिला क्षणात विसरतात, हा उपरोध मानता येईल. परंतु पुढे चित्रपटही तिला विसरतो.