जुलिओ दुए यांचे ‘१९.. चे युद्ध’ : एक चिकित्सा

दोन महायुद्धांच्या दरम्यान इटलीच्या हवाई दलाची जी जडणघडण झाली, तिचा वैचारिक पाया म्हणून जुलिओ दुए (१८६९–१९३०) यांच्या लेखनाचा निर्देश नेहमी केला जातो. ‘हवाई प्रभुत्व’ हा त्यांचा १९२१ चा ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्या मानाने १९३० साली, त्यांच्या निधनानंतर लगेच प्रसिद्ध झालेले ‘१९.. चे युद्ध’ उपेक्षित राहिले. वस्तुतः सिद्धान्ताची कसोटी येथेच लागते; कारण येथे दुए युक्तिवाद करीत नाहीत, गोष्ट सांगतात.

या लेखनाचा घाट भावी युद्धाच्या इतिहासाचा आहे. जर्मनीने सारे बळ स्वतंत्र हवाई सेनेत एकवटले आहे. फ्रान्स व बेल्जियम यांनी मात्र आपली बरीच विमाने भूदल आणि नौदल यांच्या दिमतीला बांधली आहेत. निकाल अर्थातच ठरलेला! तुकड्यांची रचना, विमानांची संख्या यांचा तपशील दुए हिशेबनिसाच्या चोखपणाने देतात आणि त्यामुळे कल्पितास दस्तऐवजाची कळा येते. निवेदनतंत्राचे हे यश मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या शहरांवर बॉम्ब पडतात, तेथील माणूस या कथनात पात्र म्हणून उभा राहत नाही. नागरिकांचे मनोधैर्य खचेल व सरकार शरण जाईल, हा सिद्धान्ताचा कणा. नेमका तोच येथे गृहीत धरलेला आहे. ही उणीव केवळ वाङ्मयीन नव्हे. मार्च १९३८ मध्ये इटालियन विमानांनी बार्सेलोनावर तीन दिवस बॉम्बवर्षाव केला. सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली. तरीही शहर पडले ते जानेवारी १९३९ मध्ये, जमिनीवरून चालून आलेल्या फौजांपुढे.

‘पाया’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. २८ मार्च १९२३ रोजी इटलीचे हवाई दल स्वतंत्र झाले, हे दुए यांच्या मागणीशी जुळते. मात्र इतालो बाल्बो यांच्या मंत्रिपदाच्या काळात गाजल्या त्या सामुदायिक उड्डाणाच्या मोहिमा. १९३३ मध्ये २४ जलविमाने अटलांटिक ओलांडून शिकागोस गेली. बॉम्बफेकी विमानांचा प्रचंड ताफा उभारण्याजोगी औद्योगिक ताकद इटलीपाशी नव्हती. १९४० मध्ये तिने युद्धात प्रवेश केला, तेव्हा सीआर ४२ हे दुपंखी विमान लढाऊ तुकड्यांत आघाडीवर होते. शहरांऐवजी लष्करी लक्ष्यांवर कमी उंचीवरून हल्ला करावा, असे प्रतिपादन आमेदेओ मेकोत्सी याच काळात करीत होते. त्यांचे लेखन दुए यांच्या शेजारी ठेवून अद्याप फारसे वाचले गेलेले नाही.