कोरोनाची बाटली, मिसिसिपी नदी आणि माझे मिळालेले मार्क

प्री-पीएचडी कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर सगळ्यांना एकच असतो. केमिस्ट्रीवाले, कॉमर्सवाले, मराठीवाले, सगळे एकाच हॉलमध्ये. तिथे आम्हाला एक केस वाचायला दिली होती: मेक्सिकोची कोरोना बिअर अमेरिकेत कशी खपली. (विषाणूशी संबंध नाही. बिअर १९२५ पासूनची आहे.)

गोष्ट छान आहे. मायदेशात ही रोजची, साधी बिअर. १९८०च्या दशकात ती अमेरिकेत आली आणि १९९७ मध्ये हायनेकेनला मागे टाकून आयात बिअरमध्ये पहिली झाली. का? तर समुद्रकिनारा, दोन खुर्च्या आणि शांतता दाखवणाऱ्या जाहिरातींमुळे. उत्तरपत्रिकेत मीही तेच लिहिलं आणि मार्क चांगले पडले. तुम्हालाही हीच केस कधीतरी मिळेल, म्हणून सांगते: ते उत्तर चुकीचं होतं. म्हणजे निष्कर्ष खोटाच आहे असं नाही, पण त्या केसमधून तो निघत नाही.

आधी जाहिरातीला तिचं श्रेय देऊ. एका जाहिरातीत किनाऱ्यावर बसलेला माणूस पाण्यावर चपटे दगड उडवतोय. पेजर वाजतो. तो पेजरही तसाच भिरकावून देतो. चवीबद्दल अवाक्षर नाही! माझ्यातल्या केमिस्टला हे फार आवडलं. कोरोनाची बाटली पारदर्शक असते आणि हॉप्समधली कडू संयुगं उजेडात तुटली की बिअरला एक गंधकयुक्त, उग्र वास येतो. तपकिरी बाटली हे बऱ्यापैकी रोखते, पारदर्शक नाही. अशा बिअरने चवीचा दावा करण्यापेक्षा सुट्टी विकली, हे शहाणपणाचंच.

पण शहाणपणाची जाहिरात आणि विक्री वाढवणारी जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बघून कळते. दुसरीसाठी तुलना लागते.

आता गंमत बघा. तुलनेचं सामान केसमध्येच होतं. अमेरिकेत कोरोनाचे आयातदार दोन होते. ढोबळमानाने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडची राज्यं शिकागोच्या बार्टनकडे. पूर्वेकडची राज्यं आणि शिवाय टेक्सास सॅन अँटोनिओच्या गॅम्ब्रिनसकडे. २००७ मध्ये दोन्हीकडचं काम एका कंपनीकडे येईपर्यंत ही वाटणी चालली. बिअर तीच, बाटली तीच, विकणारे वेगळे. वाटतं ना, आयता प्रयोग मिळाला? नदीच्या या बाजूचा खप, त्या बाजूचा खप, वजाबाकी करा, संपलं.

इथेच थांबा आणि जॉन स्नोला आठवा. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत त्यानेही दोन कंपन्यांची तुलना केली होती, पाणी पुरवणाऱ्या. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उपसण्याची जागा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ भागात नेली होती. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल गटाराजवळचंच पाणी देत होती. पण स्नोचं बळ कशात होतं? दोन्ही कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावर, शेजारशेजारच्या घरांत होते. माणसं सारखी, हवा सारखी, फरक फक्त पाण्याचा.

मिसिसिपीच्या दोन काठांवर असं काहीच सारखं नाही. कॅलिफोर्निया मेक्सिकोला लागून, मेक्सिकन वंशाची वस्ती मोठी, शेजारी जाऊन कोरोना पिऊन आलेले लोक भरपूर. न्यू यॉर्कमध्ये ती बिअर अनोळखी. टेक्सास तर नकाशावर एका गटात आणि सवयींनी दुसऱ्यात!

काळाची तुलनाही सोपी नाही. १९८७ मध्ये या बिअरमध्ये लघवी असते अशी अफवा पसरली. नेवाडातल्या एका प्रतिस्पर्धी वितरकावर दावा लावावा लागला. मग काही वर्षं विक्री घसरली. १९९१ मध्ये बिअरवरचा केंद्रीय कर दुप्पट झाला. १९९४ च्या डिसेंबरात पेसो गडगडला, म्हणजे डॉलरमध्ये मोजलं तर मेक्सिकोत बिअर बनवणं स्वस्त. खप चढला तो याच दशकात. यातलं किती जाहिरातीचं? आमच्या केसमध्ये हा प्रश्नच नव्हता. शिवाय किनारे दाखवूनही न खपलेल्या बिअरवर कोण केस लिहितं?

हा पेच सोडवता येतो. ब्रॉननबर्ग, दुबे आणि गेन्ट्झकाउ यांचा २०१२ चा पेपर जरूर वाचा. त्यांनी प्रदेशांऐवजी एका राज्यातून दुसऱ्यात राहायला गेलेली माणसं धरली. माणूस तोच, बाजार बदलला. खरेदीतला साधारण ६० टक्के फरक लगेच मिटतो, उरलेला फार सावकाश, असं त्यांना दिसलं. म्हणजे नवीन गावातल्या दुकानांचं आणि जाहिरातींचं वजन आहे, पण जुन्या सवयीही सोबत येतात. इथेही जाहिरात एकटी सुटी होत नाही, हे लक्षात ठेवा. पण निदान 'तिथले लोकच वेगळे' हे उत्तर तरी बाजूला काढता येतं.

हे मला एवढं का टोचतं, ते आता कबूल करते. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात दोन पद्धतींनी बनवलेल्या उत्प्रेरकांची तुलना होती. नव्या पद्धतीचे नमुने नव्या भट्टीत भाजले होते, जुन्या पद्धतीचे जुन्या भट्टीत. गाईड सरांनी तक्ता बघून एवढंच विचारलं, "फरक पद्धतीचा की भट्टीचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझीच मिसिसिपी मी आखून ठेवली होती.

सगळे नमुने एकाच भट्टीत परत केले. चार महिने गेले. फरक उरला, पण जेमतेम निम्मा. सुधारलेलं प्रकरण सध्या सरांच्या टेबलावर आहे.